एका मिनिटाची पोळी

दूरचित्रवाणीवरील विनोदी खेळांच्या कार्यक्रमांत एक प्रसंग तुम्ही पाहिला असेल. एखाद्या गृहस्थाच्या हाती पोळपाट-लाटणे दिले जाते. एका मिनिटात गोल पोळी लाटायची! घंटा वाजते. पीठ बोटांना चिकटते, पोळीचा नकाशा होतो आणि पाहणारे पोट धरून हसतात.

असे हसणे वाईट आहे का? मुळीच नाही. मराठीत 'होम मिनिस्टर' नावाचा कार्यक्रम २००४ साली सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे लोकप्रिय होता. सूत्रसंचालक आदेश बांदेकर घरोघरी जात. गृहिणीला ते 'वहिनी' म्हणत आणि लोक त्यांना 'भावोजी' म्हणत. गप्पा होत, खेळ होत आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी मिळे. एरवी स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्वांसमोर मान मिळे. ही गोष्ट चांगलीच होती.

पण त्या वाकड्या पोळीवर आपण का हसतो, याचाही विचार करावा. कणीक बेताची सैल भिजवावी लागते. लाटण्याचा दाब सगळीकडे सारखा लागतो. तवा कमी तापला, तर पोळी वाळून कडक होते. जास्त तापला, तर करपते. हे हुनर आहे. ते मेहनतीने येते. आई रोज गोल पोळी लाटते, तेव्हा मात्र कोणी टाळी वाजवत नाही.

कोणी म्हणतील, "घरकाम हे पुरुषांचे कामच नाही." मग आपल्या नागपुरातील लग्नघरी पाहा. चुलीवर मोठी देग चढवणारे बावर्ची बहुधा पुरुषच असतात. हॉटेलात तंदूरमधून रोट्या काढणारेही पुरुषच असतात. त्यांना कोणी हसत नाही. म्हणजे पुरुषाच्या हाताला हे काम जमते. पैसे मिळाले, की ते हुनर ठरते. घरात फुकट करायचे म्हटले, की त्याची थट्टा होते!

भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. दिवसभरात घरकाम करणाऱ्या स्त्रिया १०० पैकी सुमारे ८१ होत्या. पुरुष फक्त २६. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. पुरुषाचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास.

याचा संबंध तुमच्या अभ्यासाशीही आहे. भाऊ-बहीण दोघे दहावीला असले, तर पुस्तके तीच आणि परीक्षाही तीच. पण संध्याकाळी भाऊ पुस्तक उघडतो आणि बहीण भांडी घासायला बसते. गुण कमी पडले, तर दोष मात्र तिच्या हुशारीला दिला जातो. हा न्याय नव्हे.

नागपूरपासून जवळच वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. महात्मा गांधी १९३६ साली तेथे राहायला आले. त्या आश्रमात झाडलोट, स्वयंपाक आणि शौचालयांची सफाई ही कामे आश्रमातील स्त्री-पुरुष स्वतः करीत. एवढ्या मोठ्या नेत्यालाही अशा कामांत कमीपणा वाटला नाही.

म्हणून मुलग्यांनो, एक तरी काम आपल्याकडे घ्या. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा कूलरमध्ये पाणी भरा, आपले ताट आपण धुवा, सुटीच्या दिवशी पोळी लाटायला शिका. पहिली पोळी वाकडी होईल, घरचे हसतील. तुम्हीही हसा आणि दुसरी लाटा. तेवढ्या वेळात तुमच्या बहिणीची गणिताची दोन उदाहरणे सोडवून होतील.