गोदीचा हिशेब

मुंबईच्या नाविक गोदीत दुरुस्तीसाठी असलेल्या 'ब्रह्मपुत्रा' या युद्धनौकेस २१ जुलै २०२४ रोजी आग लागली. आग विझविण्यात आली. परंतु दुसऱ्याच दिवशी नौका एका कुशीवर कलंडली आणि एका नौसैनिकास प्राणास मुकावे लागले. याच ठिकाणी ५ डिसेंबर २०१६ रोजी 'बेतवा' ही नौका सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली होती व दोघे दगावले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'सिंधुरत्न' पाणबुडीवर दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, तेव्हा नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. या अपघातांचे कारण एकच होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु शत्रूची एकही गोळी न सुटता नौका जायबंदी होतात व माणसे दगावतात, तेव्हा दुरुस्ती ही युद्धसज्जतेची पुरवणी नसून तिचा पाया आहे, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

हा प्रश्न मुख्यतः वाटपाचा आहे. मुंबईची गोदी १७३५ पासूनची. विमानवाहू नौकांसाठी २८१ मीटर लांबीची नवी सुकी गोदी तेथे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तथापि गोद्या, कुशल कारागीर आणि सुटे भाग ही तिन्ही साधने मर्यादित, आणि नौका मात्र आपापल्या ठरलेल्या मुदतीने रांगेत येऊन उभ्या राहावयाच्या. एकीचे काम लांबले की मागचीचा खोळंबा होतो. या दिरंगाईवर महालेखापरीक्षकांनीही आपल्या अहवालांत बोट ठेवले आहे.

शाळेचे वेळापत्रक ज्याने कधी बांधले असेल, त्याला या कोड्याची कल्पना येईल. प्रयोगशाळा एक, गणिताचे शिक्षक दोन, आणि वर्ग मात्र बारा! आम्ही अध्यापन करीत असताना पाहिले आहे की, एका तासाची अदलाबदल केली की साऱ्या आठवड्याची घडी विस्कटते. गोदीत अशा तासांच्या जागी सहस्रावधी कामे असतात. अशा कोड्यांसाठी दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र गणितशास्त्रच उभे राहिले. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये लिनियर प्रोग्रॅमिंगच्या उदाहरणांसाठी नवी रीत सिद्ध केली. अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये 'पोलॅरिस' क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही पद्धत काढली. मर्यादित साधने कोठे लावावीत हे पहिलीने कळते. कोणते काम लांबले असता सारेच लांबते हे दुसरीने. शिवाय आणखी एक गोदी, आणखी दहा वेल्डर, की वेळेवर आलेला एक पंप, यांपैकी कशाची भर सर्वांत मोलाची, हेही पहिल्या रीतीने सांगता येते. नौका आधी गोदीत आणि सुटा भाग मागाहून, असा क्रम असेल तर नव्या गोदीने काही साधणार नाही, हे मग वादाचा विषय उरत नाही.

या गणिताची अडचण पुणेकरांस समजावून सांगावयास नको. जुन्या वाड्याचा गिलावा खरवडावा आणि आत तुळईच वाळवीने पोखरलेली निघावी. दीड महिन्याचे काम दिवाळीपर्यंत जावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. नौकेचेही तसेच. पत्रा उघडल्यावाचून गंज किती हे कळत नाही. म्हणून ज्या वेळापत्रकात मोकळे दिवस राखलेले नाहीत, ते कागदावर कितीही देखणे असले तरी खोटे होय. ते खरे करण्याचा भार शेवटी पडतो तो रात्रपाळीच्या कारागिरावर.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या शास्त्रात 'उद्दिष्ट' आणि 'मर्यादा' असा भेद करतात. उद्दिष्ट थोडे कमी साधले तरी चालते. मर्यादा ओलांडणारे उत्तर मात्र उत्तरच मानले जात नाही. वेल्डिंग चालू असता आगीवर पहारा, नौका पाण्यात सोडण्यापूर्वी तिच्या तोलाची तपासणी, ही कामे कोणत्या रकान्यात घालावयाची हा खरा प्रश्न आहे. ती उद्दिष्टांत मोजली तर घाईच्या आठवड्यात त्यांत काटछाट होणारच. माणसाचा जीव हा मर्यादेच्या रकान्यातच असला पाहिजे. त्याची किंमत लावून तो दिवसांशी तोलता कामा नये. हा निर्णय कोणतेही यंत्र आपल्यासाठी घेणार नाही.

आपल्या शेजारी लोणावळ्यास, नौदलाच्या 'शिवाजी' संस्थेत, १९४५ पासून नौकांची यंत्रे सांभाळणारे अभियंते तयार होत आहेत. त्यांना हे गणित शिकविणे कठीण नाही. परंतु त्यांच्यापैकी एखाद्याने 'नौका अद्याप तयार नाही' असे लिहिले, तर ते वाक्य कोणाच्याही सोयीसाठी न बदलता वरपर्यंत पोचेल, याची हमी त्यांना मिळाली पाहिजे. ती हमी गणित देऊ शकत नाही. ती शासनानेच द्यावयाची आहे.