टुंड्रांतील बुटकी वनश्री

विलो म्हटला कीं नदीकांठचा वृक्ष डोळ्यांपुढें येतो. आपल्याकडील वाळुंज त्याच कुळांतला. परंतु उत्तर ध्रुवालगतच्या टुंड्रा प्रदेशांतील विलो सहसा वीतभरहि वर येत नाहीं. भुईसरपट पसरून तो शंभराहून अधिक वर्षें जगूं शकतो. उन्हाळ्यांत तेथें वरचीच माती वितळते, खालची बाराहि महिने गोठलेली. मग मुळें जाणार कोठें? वर बर्फाचे कण उडविणारा वारा. ऊब काय ती जमिनीलगत!

या उबेचें मोल तेथील पॉपीस विचारावें. अफूच्या कुळांतलें हें फूल न मावळणाऱ्या सूर्याकडे तोंड फिरवीत राहतें. त्याच्या वाटींत किरण एकवटतात, आंतील हवा तापते, आणि शेकण्यास आलेल्या माश्यांकडून परागांचें काम आपसूक होतें.

आम्हांस मात्र कौतुक वाटतें तें कळ्यांचें. उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. म्हणून कित्येक रोपें पुढील वर्षाच्या कळ्या आदल्याच वर्षीं सिद्ध ठेवतात. चैत्र-वैशाखांत पापड-कुरडयांची बेगमी करणाऱ्या आमच्या भगिनींस यांतील शहाणपण सांगावयास नको.

आतां तेथील हवाच उष्ण होत आहे. हें बुटक्या रोपांच्या पथ्यावर पडेल असें वाटावें. पण त्या उबेनें शेजारचीं झुडपेंहि माजतात. अलास्कांत १९४० नंतरच्या दशकांत विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें पन्नास वर्षांनंतरच्या छायाचित्रांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां भूर्ज, विलो व आल्डर यांचीं उंच झुडपें उतारांवर दाटलेलीं दिसलीं. त्यांच्या सावलींत पॉपीनें तोंड कोणीकडे वळवावें?