घाट, गुडघे आणि खोटी मर्दुमकी

हौशी सायकलस्वारांत एक समज घट्ट बसला आहे: घाटात दुखलं नाही तर तो घाट कसला! वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात मोठ्या गिअरवर उभं राहून पेडल रेटणाऱ्याचं कौतुक होतं आणि मागचं मोठं दातेरी चाक लावून बसल्या बसल्या चढणारा ‘आरामात’ आला म्हणून हिणवला जातो. हिशेब मात्र उलटं सांगतो. ताशी 8 किलोमीटरने चढताना पुढे 39 आणि मागे 25 दात असतील, तर पाय मिनिटाला जेमतेम 40 फेरे मारतात. 34 ला 34 लावले, तर 60च्या वर. काम तेवढंच, पण प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर येणारा जोर बराच कमी. हा अहंकार तसा जुनाच. टूर द फ्रान्समध्ये व्यावसायिक स्पर्धकांना डिरेलर गिअर (साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे) वापरायची परवानगी मिळायला 1937 साल उजाडावं लागलं.

यावर कोणी म्हणेल, त्रास सोसल्याशिवाय ताकद येत नाही. खरं आहे, पण मांडी भरून येणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. सीट खाली असली की बहुधा गुडघ्याचा पुढचा भाग बोलतो, फार वर असली की मागचा. हाताची बोटं बधिर होतात ती हँडलवर भार टाकल्याने. यात जिद्दीचा काय संबंध? सायकल शरीराच्या मापाला जुळवून घ्यायला, म्हणजे फिटिंगला, पैसे लागतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र सीटची उंची बदलायला बहुतेक सायकलींना एक ॲलन की पुरते, आणि मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांचा संच, कार्बनच्या चाकांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. खर्च करायचाच, तर आधी तिच्यावर करावा.