पुडीचं भांडण

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघ्यांची कुरकुर, दुसरं काय! पण गेले चार दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो धुरळा उडालाय तो पाहून राहवेना. तिथे चार ओळींच्या वर लिहिलं की कुणी वाचत नाही, नुसती हात जोडल्याची चित्रं येतात. म्हणून इथे लिहिते.

तर झालं असं. आमच्या मधल्या दिरांच्या सुनेला २९व्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १०८० ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे, पोटात नळी आहे. आई दूध काढून देते आणि ते थोडं थोडं करून नळीतून जातं. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "दूध चांगलं पचतंय, आता त्यात फॉर्टिफायर घालू या." म्हणजे पौष्टिक भुकटीची एक छोटी पुडी, आईच्याच दुधात मिसळायची. ही भुकटी गाईच्या दुधापासून केलेली असते. एवढं कळायचा अवकाश, धाकट्या भावोजींनी ग्रुपवर जाहीर केलं, "आईच्या दुधात भेसळ! अमेरिकेत कोर्टाने याच पावडरीला कोट्यवधींचा दंड ठोकलाय. आतडी सडतात." त्यावर वन्संचं उत्तर, "मग सरळ डब्याचंच दूध द्या ना. पोरीचं दूध पाण्यासारखं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय."

बाळाचा बाप बिचारा दोन दिवस पुडीला हो म्हणेना.

भावोजी, वन्सं, मला तुम्हा दोघांचाही राग आलाय, आणि तो अगदी सारखा आहे.

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी. ए. झाले आणि जन्मभर शाळेत मराठी-इतिहास शिकवला. पण या विषयावर जे जे मिळेल ते मी वाचत आले आहे, आणि त्याला कारण आहे. घरातल्या नव्या पिढीला ते माहीत नाही. १९७६ साली माझा पहिला मुलगा आठव्या महिन्यात झाला, सव्वा किलोचा. तालुक्याचं गाव. मला शेगडीपाशी निजवलेलं, बाळ दुसऱ्या खोलीत. मला दूध आलं होतं, पदर ओला व्हायचा. पण "हे कच्चं दूध, अशक्त पोराला बाधेल" असं मोठ्या माणसांनी ठरवलं आणि डब्यातल्या भुकटीचं दूध बोंडल्याने सुरू केलं. तेराव्या दिवशी त्याचं पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, शीतून रक्त गेलं. चौदाव्या दिवशी तो गेला. कशाने, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज पुस्तकातलं वर्णन वाचते तेव्हा ते पोट डोळ्यांपुढे येतं, इतकंच.

पुस्तकात त्या आजाराला नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस म्हणतात, थोडक्यात एनईसी. पूर्ण दिवस न भरलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्याचं अस्तर विरविरीत, हालचाल मंद, आणि आत शिरलेल्या जंतूंशी कसं वागायचं हे त्याला अजून उमगलेलं नसतं. मग एखाद्या दिवशी ते स्वतःच इतकं सुजतं की आतड्याचा तुकडाच मरतो. बहुधा जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बाळ जरा बरं दिसायला लागलेलं असताना.

यावर सगळ्यात मोठी ढाल कोणती, हे १९९० सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. ल्युकस आणि कोल या दोघांनी इंग्लंडमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला. फक्त डब्याच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आजार फक्त आईच्या (किंवा दुसऱ्या बाईच्या) दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त दिसला. सहा ते दहा पट! वन्सं, आता त्या पाण्यासारख्या दुधाबद्दल बोला. त्यात रोगाशी लढणारी प्रथिनं आहेत, जिवंत पेशी आहेत, आणि शेकडो प्रकारच्या अशा साखरा आहेत ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशासाठी? तर बाळाच्या आतड्यात राहणाऱ्या चांगल्या जंतूंसाठी, बिफिडो नावाच्या. आई बाळाला जेवू घालते आणि त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचंही पान मांडते. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आता भावोजींची अमेरिका. खटले खरे आहेत. २०२४ साली इलिनॉयमधल्या ज्यूरीने एका कंपनीला ६ कोटी डॉलर आणि मिसुरीतल्या ज्यूरीने दुसऱ्या कंपनीला साडेएकोणपन्नास कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एका खटल्यात ज्यूरीने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढे न्यायाधीशांनी तो खटला पुन्हा चालवायचा हुकूम केला. पण तुमच्या त्या निरोपात एक गोष्ट नव्हती, भावोजी. दंड झाला ते दोन्ही खटले फॉर्म्युलाचे होते, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पूर्ण डब्याच्या दुधाचे. आईच्या दुधात मिसळायच्या पुडीचे नव्हेत. आईचं दूध काढून टाकून त्या जागी दुसरं घालणं वेगळं, आणि आईचं दूध ठेवून त्यात भर घालणं वेगळं. आमटीत मीठ घालणं आणि आमटीऐवजी मीठ वाढणं यात फरक आहे की नाही?

आणि भर का घालायची, तर दुसरीतल्या पोरालाही कळेल असं गणित आहे. एवढ्याशा बाळाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिनं लागतात. पहिले काही दिवस सरले की आईच्या १०० मिली दुधात जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम असतात. किलोभराच्या बाळाच्या पोटात दिवसाला मावतं दीडशे-एकशेसाठ मिली. करा गुणाकार. दोन-सव्वादोन ग्रॅम. उरलेली कुठून आणायची? तीच गोष्ट हाडांची. बाळाला आईकडून मिळणारं बहुतेक कॅल्शियम पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळतं. आपल्या चिमणीचे ते महिने हुकले. यात आईच्या दुधाचा काही दोष नाही. ते दूध नऊ महिने भरलेल्या बाळाच्या हिशोबाने बेतलेलं असतं.

गाईचं आहे म्हणून पुडीच आतडं बिघडवते का? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने १८ चाचण्या, सुमारे १४५० बाळं एकत्र तपासली. पुडीने दवाखान्यातली वाढ थोडी सुधारते, आणि एनईसीत म्हणावा तसा फरक आढळला नाही. स्वीडनमध्ये तर २२ ते २७ आठवड्यांच्या, म्हणजे आपल्या चिमणीपेक्षाही कोवळ्या, २२८ बाळांत गाईच्या दुधाची भर आणि बायकांच्याच दुधापासून केलेली महागडी भर यांची तुलना झाली. २०२४ साली निकाल आला, आजारात आणि मृत्यूत फरक नाही. पुडी म्हणजे अमृत असंही मी म्हणत नाही हं. पुढच्या आयुष्यात तिचा किती फायदा होतो याचा पुरावा तुटपुंजा आहे. भुकटी निर्जंतुक नसते, जास्त पडली तर दूध दाट होऊन पोटाला जड जातं. म्हणून ती नर्सने मोजून, हात धुऊन, आयत्या वेळी मिसळायची. भावोजी, यावर प्रश्न विचारा ना! माप कोण घेतं, कुठे मिसळतं, पोट फुगतंय का ते किती वेळा बघतात. नुसतं "विष विष" काय?

माझा खरा राग पुढेच आहे. चार दिवस पुडीवर दोनशे निरोप आले, पण दूध येतंय का, किती येतंय, तिला दवाखान्यात कोण नेतं, हे एकानेही विचारलं नाही. मी विचारलं. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही म्हणून तिला घरात बसवलंय आणि दूध डब्यातून पाठवतात! अहो, दूध टिकायचं तर दिवसाकाठी आठ वेळा काढावं लागतं, रात्रीसुद्धा. आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बाळ उघड्या छातीशी धरलं तर ते जास्त उतरतं. हिरकणीची गोष्ट मी इतकी वर्षं शिकवली. बाळासाठी ती रायगडाचा कडा उतरली. आणि आपण आपल्या हिरकणीला रिक्षासुद्धा करून देत नाही.

शिवाय एक रात्र दूध कमी पडलं तेव्हा नर्सने दूधपेढीचं नाव काढलं, तर घरून प्रश्न आला, "कुणाचं असेल, कुठल्या जातीचं?" लाज वाटली मला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. देणाऱ्या बाईच्या रक्ताची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात त्याचे काही गुण जातात हे खरं, म्हणून पहिला मान आईच्याच दुधाचा. पण ते नसेल तेव्हा डबा की पेढी, याचं उत्तर अभ्यासांनी दिलेलं आहे. डब्यावर एनईसीचा धोका जवळजवळ दुप्पट. जात कुणी मोजली नाही त्यात.

काही दवाखानेही आईला विचारायच्या आधी डबा लिहून देतात, ते मला माहीत आहे. १९९२ सालच्या कायद्याने आपल्याकडे या डब्यांच्या जाहिराती आणि फुकट नमुने यांवर बंदी आहे. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाला कुठला कायदा लावणार?

असो. परवा बापाने हो म्हटलं, पुडी सुरू झाली. पोट मऊ आहे, काल वजन ११४० भरलं. सूनबाई उद्यापासून रोज जाणार आहे, मी तिच्या सासूशी बोलले. उद्या सकाळी मी तिच्याबरोबर आहे, डबा आणि अळिवाची खीर घेऊन. गुरुवारी वन्संनी यावं, त्यांचा हात तिच्या पाठीवर पडला तर तिला बरं वाटेल. शुक्रवार रिकामा आहे. भावोजी, गाडी तुमच्याकडे आहे. सकाळी साडेआठला निघायचं.