दर्शनी हुंडी

'प्रथमदर्शनी' हा शब्द ज्यानं काढला तो माणूस कुठल्या तरी चौकशीतून सहीसलामत सुटलेला असला पाहिजे. पोलीस म्हणतात, "प्रथमदर्शनी अपघात दिसतो." डॉक्टर म्हणतात, "प्रथमदर्शनी काळजीचं कारण नाही." मुलीचे काका म्हणतात, "प्रथमदर्शनी मुलगा निर्व्यसनी वाटला." या तिन्ही वाक्यांचं पुढं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण पोलीस, डॉक्टर आणि काका या तिघांवर कडी करणारा एक पंथ आहे. मोटारींच्या प्रदर्शनाला जाऊन नव्या स्पोर्ट्स कारबद्दल 'पहिल्या भेटीतलं मत' सांगणाऱ्यांचा. माझं भांडण या पंथाशी आहे.

हा पंथ करतो काय? गाडी फिरत्या तबकडीवर उभी असते. चहूबाजूंनी दिवे, भोवती मखमली दोरी. इंजिन सुरू नाही, रस्ता नाही, समोरून येणारी म्हैस नाही. यानं दोरीबाहेरून गाडीला प्रदक्षिणा घालायची, वशिला असला तर दोन मिनिटं आत बसून घ्यायचं आणि बाहेर येऊन सांगायचं, "गाडीचा पवित्रा आक्रमक आहे. वळणावर रस्त्याला चिकटून राहील." अरे, पण ती वळली कुठं? तबकडी वळली! गणपतीच्या फिरत्या मखराची 'वळणावर उत्तम' म्हणून कुणी तारीफ केलेली ऐकली आहे का?

उदाहरण आपल्या घरचंच घेतो, म्हणजे परक्याची निंदा केल्याचं पाप नको. 7 मार्च 2017 रोजी जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सनं 'रेसमो' नावाची स्पोर्ट्स कार मांडली. टाटा मोटर्स म्हणजे तेच, ज्यांच्या पिंपरीच्या कारखान्यात आमच्या सातारा-सांगलीकडची आयटीआय झालेली कितीतरी पोरं जाऊन चिकटली. गाडी दोन माणसांची. दारं फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी. इंजिन 1.2 लिटरचं, टर्बो, 190 अश्वशक्तीचं. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत. उंची 1208 मिलिमीटर, म्हणजे चार फुटांना अर्धा इंच कमी. बेताच्या ट्रॅक्टरचं मागचं चाकसुद्धा याहून काकणभर उंच असतं.

गाडी देखणी होती. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. देखणेपणाशी माझं वैर असण्याचं वयही आता राहिलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आमचा भाचा मोबाइल नाचवत आला.

"मामा, बघा तरी! आपल्या लोकांनी केलीय. फेरारीच्या शेजारी उभी करा, लाजणार नाही."

"खंबाटकी चढली का?"

"मामा, तुमचं म्हणजे ना... अहो, लूक बघा की!"

मार्च महिन्यात बँकेतल्या माणसाला काहीही दाखवायला आणू नये. ताळेबंद जुळणं सोडून दुसरं सौंदर्य त्याला दिसत नाही. पण भाच्याचा उत्साह पाहून मला एकदम माझा बी.कॉम.चा अभ्यास आठवला, आणि त्या शिक्षणाचा आयुष्यात उपयोग होण्याचा हा तिसरा-चौथाच प्रसंग असल्यामुळं तो इथं नोंदवून ठेवतो.

हुंडी दोन प्रकारची असते. एक दर्शनी. दाखवली की पैसे मोजायचे. दुसरी मुदती. ठरलेली मुदत भरली की मग ती घेऊन पेढीवर जायचं, आणि सकारली तर पैसे. आता प्रदर्शनातली गाडी ही सरळसरळ मुदती हुंडी. आज रूप बघा, दोन वर्षांनी गाडी देऊ. पण हा पहिल्या भेटीवाला पंथ तिला दर्शनी हुंडी समजतो आणि टाळ्या, मथळे, देशाभिमान असा सगळा मोबदला तिथल्या तिथं रोखीनं मोजून मोकळा होतो. कुठल्याही पतपेढीत असा कॅशियर संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

बरं, मुदत भरल्यावर काय झालं? 2018 साली ग्रेटर नोएडाच्या प्रदर्शनात रेसमोचा विजेवर चालणारा अवतार मांडला गेला. पुन्हा तबकडी, पुन्हा प्रदक्षिणा, पुन्हा टाळ्या. म्हणजे जुनी हुंडी वटायच्या आत नवी हुंडी. आम्ही बँकेत याला 'खातं नवं करून घेणं' म्हणतो, आणि असं खातं दिसलं की तपासनीस चष्मा पुसायला लागतो. पुढं तो प्रकल्प बाजूला ठेवला गेला. रेसमो विक्रीला आलीच नाही. ती एका संगणकीय खेळात चालवता येईल असं मात्र जिनिव्हापासून जाहीर झालेलं होतं, म्हणजे खड्ड्यांची धास्ती असणाऱ्यांची सोय आधीच झाली होती म्हणायची. आणि गंमत पाहा, ज्या जिनिव्हात 1905 पासून ही जत्रा भरत होती, तिथं 2024 नंतर ती भरणंच बंद झालं. गाडी गेली, तबकडी गेली. मतं तेवढी मागं राहिली आहेत.

कंपनीला मी दोष देत नाही. आतबट्ट्याचा धंदा वेळीच आवरणं याला आमच्या खात्यात शहाणपण म्हणतात. दोष आहे तो दरवेळी नव्यानं हुरळणाऱ्यांचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला गोव्याची दोन आसनी 'सॅन स्टॉर्म' आली तेव्हा हेच हुरळले. 2012 साली दिल्लीच्या प्रदर्शनात 'अवंती' आली तेव्हाही हेच. दरवेळी 'आता आपणही' हे दोन शब्द. रस्त्यावर या गाड्या किती दिसतात ते आमच्या पोवई नाक्यावर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उभं राहून मोजावं. पाणी पाजायला मी येतो.

आणि ही पहिल्या भेटीची फसगत एकाच दिशेनं होत नाही. उलट दिशेनंही होते, आणि ती जास्त महागात पडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात 1888 साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढं लोखंडी नांगर काढला. शेतकऱ्यांनी पहिल्या भेटीत मत दिलं की लोखंडानं जमीन विषारी होते. झालं! पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. त्या नांगराला ना तबकडी होती ना दिवे. त्याला एकच प्रदर्शन ठाऊक, ते म्हणजे काळं रान. दोन-चार हंगाम ढेकळं फुटताना दिसली आणि मग मत फिरलं. 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे नांगराचं श्रेय दोन्ही जिल्ह्यांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायला हरकत नाही. पहिल्या भेटीत तो पास झाला असता तर उगीच भांडणं झाली असती.

आता प्रियाचं सांगतो. (गैरसमज नको, घरी हा लेख वाचला जातो.) सातारच्या औद्योगिक वसाहतीत 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया. दीडशे सीसीची. किक मारण्याआधी तिला जरा कुशीवर कलंडवावं लागायचं, दमेकऱ्याला पाठीवर थोपटल्यासारखं. तिच्यावर पुढं उभा थोरला, मागं आडवी बसलेली सौभाग्यवती, सौभाग्यवतीच्या मांडीवर धाकटा, मध्ये दळणाचा डबा आणि हुकाला भाजीची पिशवी, असं एक अख्खं बिऱ्हाड अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून राजवाड्यापर्यंत जाऊन यायचं. शून्यापासून शंभरपर्यंत ती किती सेकंदांत जायची याची नोंद नाही. ज्यानं तिला शंभरपर्यंत न्यायचा प्रयत्न केला असेल तो सांगायला उरला असेल असं वाटत नाही. 2006 साली साताऱ्यात स्कूटर निघणं थांबलं. तोवर किती लग्नं, बारशी, बदल्या आणि रात्री-अपरात्रीचे दवाखाने त्या गाडीनं पार पाडले! तिच्या 'आक्रमक पवित्र्या'वर एक ओळ कुणी लिहिली का?

अहो, लिहिणार कसे? ती मखमली दोरीच्या आत कधी उभीच नव्हती. आपलं हे असं आहे. दोरीच्या आत उभं आहे त्याला नमस्कार, आणि दोरी तोडून रस्त्यावर धावतं त्याला हसू. 2021 च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या एका कारागिरानं भंगारातून चारचाकी बनवली. मुलाची हौस म्हणून. खर्च साठ हजाराच्या आसपास. सुरू कशी करायची? स्कूटरसारखी किक मारून! आधी लोकांनी पोट धरून हसून घेतलं. मग महिंद्र कंपनीच्या आनंद महिंद्रांनी जाहीरपणे तिचं कौतुक केलं, नियमात बसत नसल्यानं ती रस्त्यावर फार दिवस चालू देणार नाहीत हेही सांगितलं, आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. 2022 च्या जानेवारीत बोलेरो दारात आली. मग हसणारे फोटो काढून घ्यायला पुढं!

आमचा भाचाही तेव्हा म्हणाला, "मामा, नियमात बसत नाही ती. बंपर नाही, एअरबॅग नाही." मान्य. नियम हवेतच, मी नियमांवर जेवणारा माणूस आहे. पण मला एवढंच सांगा, रेसमो आणि ही गाडी या दोघींपैकी पेट्रोल घालून, माणसं बसवून, चार चाकांवर गावातून कोण फिरली? आणि 'पहिल्या भेटीत' पूर्ण गुण कुणाला मिळाले? मी कर्जाची प्रकरणं बघितलेला माणूस. आमच्या लेखी गाडी तेव्हा जन्मते जेव्हा तिच्या पुस्तकात नंबर चढतो आणि तारणाचा शिक्का बसतो. त्याआधी ती कितीही देखणी असो, कोटेशनच्या कागदाला तिच्यापेक्षा जास्त वजन आहे.

म्हणून माझी सर्व प्रदर्शनवाल्यांना जाहीर सूचना आहे. पुढची स्पोर्ट्स कार जरूर आणा. पण ऐन जानेवारीत आणा, गाळपाचा हंगाम भरात असताना. साताऱ्याहून निघा, कराड ओलांडा, पेठ नाक्याला आत वळा आणि आष्ट्यावरून सांगलीला या. याच पेठ-सांगली रस्त्याच्या खड्ड्यांसाठी लोकांनी आंदोलनं केली होती, तेव्हा परंपरा थोर आहे. पुढं दोन ट्रॉल्या उसानं खच्चून भरलेला ट्रॅक्टर, त्याच्यावर कर्णा, कर्ण्यात गाणं, आणि मागचा दिवा गेल्या हंगामात गेलेला. उजवीकडून एस.टी., डावीकडून बैलगाडी. मग सहा सेकंदांचं काय ते आम्हाला दाखवा. तबकडी नको, दोरी नको, चहापाणी आमच्याकडून.

आणि परीक्षक म्हणून त्या ट्रॅक्टरवाल्यालाच बसवा. तो खाली उतरेल, तंबाखू मळेल, चार फूट उंचीच्या गाडीभोवती एक फेरी मारेल, वाकून आत बघेल आणि पहिल्या भेटीतलं आपलं मत देईल, "झ्याक हाय. पर वाडं कुठं टाकायचं?"