परवलीचा शब्द ग्राहकाचा, हिशेब कंपनीचा

ग्राहकांचे परवलीचे शब्द साठवणाऱ्या कंपन्या ‘जोखीम’ मोजतात ती दंडाची, खटल्यांची आणि बाजारातील पतीची. ज्याचा शब्द चोरीस जातो, त्याची जोखीम या हिशेबात कोठेच नाही.

मुळात हे शब्द जसेच्या तसे साठवण्याची गरजच नाही. शब्दावर एकमार्गी गणिती प्रक्रिया करून तिचे फलित तेवढे जतन करावे व ग्राहक पुन्हा आला की नवे फलित त्याच्याशी ताडून पाहावे, ही रीत १९७० च्या दशकापासून ज्ञात आहे. तरीही २००९ साली रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख शब्द उघड स्वरूपातच चोरीस गेले. ती लहान कंपनी म्हणून सोडून द्यावे, तर फेसबुकचे काय? कोट्यवधी ग्राहकांचे शब्द आपल्या अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील असे पडून होते, हे तिने मार्च २०१९ मध्ये कबूल केले. गैरवापर झाल्याचा पुरावा नाही, अशी पुस्तीही जोडली. आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने त्याबद्दल २०२४ साली मेटा कंपनीस ९ कोटी १० लाख युरो दंड केला. रक्कम डोळे दिपवते. परंतु मेटाचे २०२३ चे उत्पन्न सुमारे १३,४९० कोटी डॉलर होते. म्हणजे दंड भरला तो जेमतेम सात तासांच्या उत्पन्नाइतका. पत गेली म्हणावे, तर २०१९ साली हेच उत्पन्न सुमारे ७,०७० कोटी होते!

यावर ‘ग्राहकच एक शब्द दहा ठिकाणी वापरतात’ हा ठरलेला प्रत्यारोप येतो. वापरतात, आणि म्हणूनच एका ठिकाणची चोरी त्यांची इतर खातीही उघडी पाडते. हे ठाऊक असणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तो जाणार भारताच्या एकत्रित निधीत. नुकसान सोसणाऱ्यास भरपाई मिळावी यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात घातलेले कलम ४३अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो! भरपाईचा हक्क याच कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिला जावा, ही मागणी आता संसदेत आणि संसदेबाहेरही लावून धरली पाहिजे.