संगत हीसुद्धा प्रयोगातील एक अट

तारेचा विद्युत्‌रोध मोजताना आपण तापमान नोंदवतो. कारण तापमान बदलले की रोधही बदलतो. प्राण्यांवरील प्रयोगांत अशीच एक अट आहे. प्राणी लहानपणी एकटा वाढला की सोबत्यांत? माझ्या मते ही नोंद तापमानाइतकीच आवश्यक मानली पाहिजे.

पांढऱ्या उंदराचे पिल्लू सुमारे 21 दिवसांनी आईपासून वेगळे करतात. पुढचे काही आठवडे त्याचे झोंबाझोंबी खेळण्याचे असतात. याच काळात त्याला एकटे ठेवले, तर अन्न, पाणी, ऊब सारे मिळूनही मोठेपणी ते अनोळखी जागी जास्त धावपळ करते. ॲम्फेटामीन हे औषध टोचल्यावर त्याच्या मेंदूतील बक्षिसाशी निगडित केंद्रात डोपामीन हे रसायन, समूहात वाढलेल्या उंदरापेक्षा जास्त पाझरते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे.

डोपामीनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे मात्र अपुरे आहे. माकडांवरील प्रयोगांत दिसले, की अपेक्षेपेक्षा मोठे बक्षीस मिळाले तर डोपामीनच्या पेशींचे संदेश वाढतात; अपेक्षित बक्षीस हुकले तर मंदावतात. म्हणजे कशाच्या मागे धावावे, हे मेंदू या संदेशांवरून शिकतो. एकाकीपणाने ही शिकवणारी यंत्रणाच बदलत असेल, तर एकट्या उंदरावरून काढलेला निष्कर्ष ‘सर्व उंदरांचा’ कसा म्हणावा?

यावर कोणी म्हणेल, नंतर सोबती दिले की झाले! पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दूध तुटताच 2 आठवडे एकटे ठेवलेल्या लहान जातीच्या उंदरांत मेंदूच्या पुढील भागातील दोष पुढे सोबत मिळूनही भरून आला नाही. उलट 1970 च्या दशकातील प्रयोगांत, एकट्या पिल्लांना रोज केवळ 1 तास खेळू दिल्याने वर्तनातील काही दुष्परिणाम टळले होते. वेळेवर मिळालेली थोडी सोबतही मोलाची ठरते.

स्वतंत्र पिंजरे सोयीचे असतात. कोणी किती खाल्ले ते चटकन कळते. पण मोजण्यापुरते वेगळे करणे निराळे आणि एकटे वाढवणे निराळे. उंदरांचे निष्कर्ष मुलांना सरसकट लावू नयेत, हे खरेच. परंतु विद्यार्थी मित्रांनो, यापुढे प्राण्यांवरील प्रयोगाविषयी वाचाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा: त्या पिंजऱ्यात आणखी कोण होते?